सरपंचाला पदावरून दूर करणे : वाचकांचे प्रश्न

अविश्वास, अपात्रता आणि गैरवर्तन हे सरपंचाला पदावरून दूर करण्याचे तीन वेगळे मार्ग आहेत आणि प्रत्येकाचे कार्यालयही वेगळे आहे. तरीही बहुतेक पत्रांत तिन्ही एकाच अर्जात कालवलेले आढळतात, म्हणून ही उत्तरे.

प्रश्न : आमच्या सरपंचांवर महाभियोग आणायचा आहे. अर्ज कोणाकडे करावा?

कोणाकडेच नाही, संविधानाच्या अनुच्छेद ६१ मधील महाभियोग केवळ राष्ट्रपतींसाठी आहे.

प्रश्न : थेट जनतेतून निवडून आलेल्या सरपंचावर अविश्वास ठराव आणताच येत नाही, असे तालुक्यात सगळे सांगतात. खरे काय?

सगळे सांगतात म्हणून कायदा बदलत नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ३५ नुसार ठराव आणता येतो; मात्र निवडीपासून पहिली दोन वर्षे आणि मुदत संपण्यापूर्वीचे सहा महिने तो आणता येत नाही. तहसीलदारांनी सदस्यांकडून ठरावाची सूचना मिळाल्यापासून सात दिवसांत विशेष सभा बोलवायची असते. तेथे तीन चतुर्थांश सदस्यांनी, म्हणजे मतदानाचा हक्क असलेले बारा सदस्य असतील तर नऊ जणांनी, ठराव मंजूर केला तरी थेट निवडलेल्या सरपंचाच्या बाबतीत त्याला विशेष ग्रामसभेची गुप्त मतदानाने मान्यता लागते. २०१७ नंतर या तरतुदी वारंवार बदलल्या असल्याने मोबाईलवर फिरणारे जुने परिपत्रक बाजूला ठेवून अद्ययावत अधिनियम वकिलांकडून वाचून घ्यावा.

प्रश्न : एक सल्लागार ठरावीक रकमेत ‘हमखास पायउतार’ करून देतो म्हणतो. त्याने कोऱ्या कागदांवर आमच्या सह्या मागितल्या आहेत. द्याव्यात का?

देऊ नयेत, आणि दिल्या असतील तर आजच लेखी पत्राने परत मागाव्यात. त्या कागदावर उद्या तुमचाच राजीनामा लिहिला जाणार नाही, याची हमी कोण देणार? विहित नमुन्यातली सूचना भरायला दलाल लागत नाही.

प्रश्न : सरपंचबाईंच्या सासऱ्यांचे घर गायरानात आहे. ठरावासाठी संख्याबळ जमत नाही. अतिक्रमणाची तक्रार केली तर त्यांचे पद जाईल का?

हा प्रश्न नावे बदलून सतत येतो, म्हणून सविस्तर लिहितो. शासकीय जागेवरील अतिक्रमणाबद्दल सदस्याला अपात्र ठरवणारे त्याच अधिनियमाचे कलम १४(१)(ज-३) खरे आहे आणि आवश्यकही आहे. कुटुंबीयांनी केलेल्या अतिक्रमणात राहून त्याचा लाभ घेणारा सदस्यही अपात्र ठरतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे. परंतु तो निर्णय खिशात घेऊन फिरणारे २०२४ चा निकाल सोयीस्करपणे विसरतात. जळगाव जिल्ह्यातील विचखेड्याच्या महिला सरपंचावर सासूसोबत शासकीय जागेवरील घरात राहत असल्याचा आरोप होता. आपण पती व मुलांसह भाड्याच्या घरात वेगळे राहतो, असे त्या सांगत राहिल्या. जिल्हाधिकाऱ्यांनी त्यांना अपात्र ठरवले, विभागीय आयुक्तांनी ते कायम केले, उच्च न्यायालयानेही तांत्रिक कारणावरून याचिका फेटाळली आणि अखेर सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पद परत दिले. गावातील काहींना महिला सरपंच झाल्याचे पचले नाही, हे न्यायालयाने स्पष्ट शब्दांत नोंदवले. निम्मी पदे महिलांसाठी राखीव असलेल्या राज्यात, मतदानाने जे साधले नाही ते सासऱ्यांच्या भिंतीआडून साधण्याचा हा उद्योग मला कमालीचा चिंताजनक वाटतो, कारण निर्दोष ठरेपर्यंत त्या बाईची निम्मी मुदत कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवण्यात जाते. तक्रार खरीच असेल, तर नमुना ८ वर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीत, घर कोणाच्या नावे आहे, मोजणीत ती जागा गायरानात येते का आणि सरपंच प्रत्यक्ष कोठे राहतात, या तिन्ही गोष्टींचे कागद आधी वकिलांना दाखवा.

प्रश्न : ग्रामसभेच्या ठरावाने ग्रामसेवकाला काढता येते का?

नाही, तो जिल्हा परिषदेचा कर्मचारी आहे, ग्रामसभेचा ठराव फार तर तक्रारीला जोडता येईल.

प्रश्न : निधीच्या गैरवापराबद्दल जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार करून वर्ष झाले. पुढे काय करावे?

वर्षभर वाट का पाहिलीत? जिल्हाधिकारी कलम १६ खाली अपात्रतेचे वाद ऐकतात. कर्तव्यातील गैरवर्तनासाठी कलम ३९ आहे, ज्यात जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी चौकशी करतात आणि सरपंचांना म्हणणे मांडण्याची संधी दिल्यावर विभागीय आयुक्त निर्णय देतात. मूळ तक्रारीची पोच, मासिक सभांची इतिवृत्ते आणि लेखापरीक्षण अहवालाच्या प्रमाणित प्रती घेऊन याच आठवड्यात जिल्हा न्यायालयातील, पंचायत कायदा जाणणाऱ्या वकिलांना भेटा आणि नवा अर्ज योग्य कार्यालयात दाखल करा.