'यादृच्छिक'मध्ये इच्छा कुणाची?

ऐरोलीच्या एका ताईंनी प्रश्न पाठवला आहे. त्यांचे सासरे मध्यंतरी नवी मुंबईतल्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात, व्हेंटिलेटरवर होते. तिथे एका संशोधनात त्यांचा समावेश करायचा का, अशी विचारणा झाली आणि मराठीतला संमतीपत्राचा फॉर्म घरच्यांच्या हाती आला. त्यात एक वाक्य होतं : 'आपल्या रुग्णाची यादृच्छिक पद्धतीने दोनपैकी एका उपचारगटात निवड करण्यात येईल.' ताईंच्या यजमानांनी ते वाचलं आणि म्हणाले, "म्हणजे या डॉक्टरांच्या इच्छेला येईल ते औषध देणार." सही झाली नाही. सासरे आता घरी आहेत, बरे आहेत, पण तो शब्द ताईंच्या डोक्यातून जात नाही. त्या विचारतात : यादृच्छिकमध्ये खरंच 'इच्छा' आहे का? आणि हेच साध्या मराठीत कसं सांगायचं?

पहिल्या प्रश्नाचं व्याकरणातलं उत्तर सरळ आहे : नाही. मूळ शब्द यदृच्छा. त्याची फोड यद् अधिक ऋच्छा अशी करतात. ऋच्छ् म्हणजे जाणं, येऊन पोहोचणं, वाट्याला येणं. जे आपसूक समोर येऊन ठाकेल ते, कुणी न ठरवता घडेल ते, म्हणजे यदृच्छा. त्याला 'इक' लागला की पहिल्या अक्षराची वृद्धी होते, म्हणजे 'य'चा 'या' होतो, आणि यादृच्छिक तयार होतं. त्यात इच्छा असती तर यद् आणि इच्छा मिळून 'यदिच्छा' झालं असतं, मधे ऋ आलाच नसता. तो ऋ हीच खूण. म्हणून लिहिताना 'यादृच्छीक' नको, आणि मी अनेक फॉर्मांत पाहिलेलं 'यादृष्टिक' तर मुळीच नको.

पण ताई, एवढ्यावर थांबलो तर तुमच्या यजमानांवर अन्याय होईल. त्यांनी जे ऐकलं ते त्या शब्दात अजिबातच नाही, असं म्हणता येत नाही.

संस्कृतात यदृच्छेचे दोन अर्थ जोडीने चालत आले आहेत. एक योगायोगाचा. श्वेताश्वतर उपनिषदात जगाचं मूळ कारण काय असेल, याची यादी येते : काळ, स्वभाव, नियती, यदृच्छा. तिथे ती निखळ योगायोग आहे, कुणाचाही हात नसलेली घटना. गीतेतल्या चौथ्या अध्यायातला 'यदृच्छालाभसंतुष्ट' माणूस म्हणजे न मागता जे मिळेल त्यात समाधानी असणारा. दुसरा अर्थ मात्र स्वैरपणाचा, मनाला येईल तसं करण्याचा. पतंजलीच्या महाभाष्यात शब्दांचे चार प्रकार सांगितले आहेत : जातीवरून, गुणावरून, क्रियेवरून पडलेले, आणि चौथे यदृच्छाशब्द. म्हणजे ठेवणाऱ्याने मनाला आलं म्हणून ठेवलेलं नाव. व्याकरणाच्या परंपरेत त्याचं उदाहरण 'डित्थ' असं देतात. तिथे ठेवणाऱ्याची मर्जी आहेच.

तेव्हा एकाच शब्दात 'कुणाचीच मर्जी नाही' आणि 'कुणाची तरी मर्जी' हे दोन्ही अर्थ दडलेले आहेत. पुस्तकात यामुळे काही बिघडत नाही. अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या माणसासाठी मात्र हे दोन अर्थ म्हणजे दोन वेगळी जगं आहेत.

त्यातून मराठी कानाची एक अडचण आहे. 'ऐच्छिक' हा शब्द आपण शाळेपासून ऐकतो : ऐच्छिक विषय, ऐच्छिक प्रश्न. संमतीपत्रात तोही असतोच : 'आपला सहभाग पूर्णपणे ऐच्छिक आहे.' आणि त्याच पानावर, चार ओळी खाली, 'यादृच्छिक पद्धतीने'. दोन्हींची शेपटी एकच, '-च्छिक'. ज्याने रात्र जागून काढली आहे, तो पहिला शब्द ओळखतो आणि त्याच्याच आधाराने दुसरा लावतो : ऐच्छिक म्हणजे आपल्या इच्छेचं, मग यादृच्छिक म्हणजे यांच्या इच्छेचं. चूक म्हणावी तर चूक आहे, पण भाषेच्या अंगाने अगदी शहाणी चूक आहे.

आता या शब्दामागची गोष्ट सांगतो, कारण ती कळल्याशिवाय पर्यायी शब्द निवडता येत नाही. मी ठाण्यात एका संस्थेच्या नैतिकता समितीवर, म्हणजे माणसांवरचं संशोधन योग्य रीतीने होतंय ना हे पाहणाऱ्या समितीवर आहे. औषधांच्या चाचण्यांबद्दलचे २०१९चे नियम अशा समितीत डॉक्टर आणि कायद्याच्या जाणकारासोबत एक सर्वसामान्य माणूसही असावा, असं सांगतात. तो मी. माझं मुख्य काम म्हणजे मराठी संमतीपत्रं वाचणं.

दोन उपचारांची तुलना करताना कोणत्या रुग्णाला कोणता द्यायचा, ही निवड डॉक्टरांनी स्वतः केली तर काय होतं? नवा उपचार चांगला वाटत असेल, तर डॉक्टर जास्त आजारी माणसाला तोच देतील. हात तसाच वळतो. किंवा उलट, ज्याच्याकडून आशा आहे त्याला देतील. मग शेवटी एका गटातले जास्त लोक वाचले, तर ते उपचाराने वाचले की मुळातच कमी आजारी होते, हे सांगता येत नाही. म्हणून ती निवड माणसाच्या हातातून काढून घेतात. १९४७मध्ये ब्रिटनमध्ये क्षयरोगावर स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी झाली, तेव्हा कोणता रुग्ण कोणत्या गटात जाईल ते बंद पाकिटात होतं. रुग्ण चाचणीत घ्यायचं ठरेपर्यंत पाकीट उघडायचं नाही. आता पाकिटाच्या जागी संगणक आला, एवढंच.

आणि डॉक्टरांची खात्री कधी कधी कशी उलटते, याचं मनात राहिलेलं उदाहरण डोक्याच्या मारावरच्या स्टेरॉइडचं. डोक्याला मार लागलेल्यांना सूज उतरावी म्हणून ही औषधं तीसेक वर्षं दिली जात होती. अनेक देशांत मिळून १०,००८ जणांवर चाचणी झाली आणि २००४मध्ये निष्कर्ष आला : स्टेरॉइड मिळालेल्यांत दोन आठवड्यांत २१.१ टक्के दगावले, न मिळालेल्यांत १७.९ टक्के. देणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. चिठ्ठी टाकली नसती तर हे कधी कळलंच नसतं. पुढे २०२०मध्ये कोविडच्या रुग्णांवर ब्रिटनमध्ये तशीच चाचणी झाली, तेव्हा स्टेरॉइडनेच व्हेंटिलेटरवरची माणसं वाचवली : डेक्सामेथासोन मिळालेल्यांत २९.३ टक्के दगावले, न मिळालेल्यांत ४१.४ टक्के. एकच जातीचं औषध, एका आजारात घातक, दुसऱ्यात तारक. नुसत्या अनुभवाच्या बळावर दोन्ही वेळा चुकलो असतो.

म्हणजे यादृच्छिक या शब्दाचा गाभा असा : डॉक्टरांची इच्छा नाही, कंपनीची नाही, रुग्णाची नाही, नातेवाइकांचीही नाही. तुमच्या यजमानांनी जे वाचलं त्याच्या अगदी उलट.

आता पर्याय. आपल्या ठाणे-नवी मुंबईत पहिला शब्द सुचतो तो सोडत. सिडकोची सोडत, म्हाडाची सोडत, घराघरात माहीत. पण सोडतीत नाव लागलं की जिंकलो, नाही लागलं की हरलो. चाचणीत कोणता गट फायद्यात आहे हे कुणालाच माहीत नसतं. माहीत असतं तर चाचणी करणंच गैर ठरलं असतं. 'सोडत' वाचून नातेवाईक विचारतात, "मग आमचा नंबर लागला का?" त्यांना काय सांगणार? कोकणातून आलेल्यांच्या ओठावर 'कौल' येतो, पण कौल देव देतो आणि त्याला अर्थ असतो. 'छापा-काटा' म्हटलं तर जिवाशी खेळ चालल्यासारखा वाटतो. शिवाय नाणं दोन बाजूंना सारखीच संधी देतं. चाचणीत दर वेळी तसं नसतं. त्या कोविडच्या चाचणीत डेक्सामेथासोन २,१०४ जणांना मिळालं आणि नेहमीच्या उपचारांवर ४,३२१ जण होते, म्हणजे साधारण एकास दोन. 'नशिबावर' हा शब्द तर मी फॉर्ममधून स्वतः खोडतो. त्या दारासमोर बसलेला माणूस आधीच नशिबाला दोष देत असतो.

इंग्रजीतलाच 'रँडम' का नको, असं काही डॉक्टर विचारतात. कारण मराठीत तो आता 'उगाच, कुठलाही, कसाही' या अर्थाने मुरला आहे. "कुणीतरी रँडम माणूस आला होता," असं घरातली मुलं म्हणतात. 'तुमच्या वडिलांना रँडम उपचार' हे ऐकायला यादृच्छिकपेक्षाही वाईट.

माझी एक सवय आहे. फॉर्म समितीपुढे येण्याआधी त्यातली अवघड वाक्यं मी घरी मोठ्याने वाचतो. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी कळव्याहून येतात, सातवी शिकलेल्या. एकदा मी वाचलं : 'संगणकाद्वारे चिठ्ठ्या टाकून गट ठरवला जाईल.' पोळी तव्यावर उलटत त्या म्हणाल्या, "म्हणजे भिशीसारखं." मी विचारलं, भिशीत काय करतात? "चिठ्ठी बारकं पोर उचलतं. ज्याला वाचता येत नाही ते. मग कुणाला बोलायला जागा राहत नाही."

मी थक्क झालो. सांख्यिकीच्या पुस्तकात ज्याला पानंच्या पानं लागतात, ते त्यांनी तीन वाक्यांत सांगितलं होतं. न वाचता येणारं पोर म्हणजेच ते बंद पाकीट. महापालिकेच्या प्रभाग आरक्षणाच्या सोडतीतही शाळकरी मुलांच्या हातून चिठ्ठ्या काढतात, ते यासाठीच. भिशीत पुढेमागे प्रत्येकाची पाळी येते, चाचणीत येत नाही, एवढा फरक आहे. तरी 'चिठ्ठी' हा शब्द पक्का. तो न्यायाचा शब्द आहे आणि त्यात बक्षीस नाही.

तेव्हा ताई, तुमच्या फॉर्ममधलं वाक्य मी असं लिहिलं असतं : 'तुमच्या माणसाला दोन्हींपैकी कोणता उपचार मिळेल, हे डॉक्टर ठरवणार नाहीत आणि तुम्हालाही ठरवता येणार नाही. संगणकावर चिठ्ठी निघेल तसं ठरेल. दोन्हींपैकी कोणता उपचार जास्त चांगला, हे आज कुणालाच ठाऊक नाही. ते कळावं म्हणूनच हा अभ्यास आहे.' मूळ वाक्याच्या चौपट लांब झालं, आणि फॉर्म लांबतो अशी तक्रारही येते. पण २०१९च्याच नियमांत म्हटलं आहे की हे कागद सहभागी होणाऱ्याला समजेल अशा, तांत्रिक नसलेल्या भाषेत हवेत. संशोधनाच्या मूळ आराखड्यात यादृच्छिक खुशाल राहू दे, तिथे तो नेमका आहे. संमतीपत्रात नको.

जाता जाता, अशाच फॉर्मांतले आणखी दोन शब्द. 'नैदानिक चाचणी' हिंदीतून आली आहे. मराठीत निदान म्हणजे रोग ओळखणं, त्यामुळे वाचणाऱ्याला ती रक्त-लघवीची तपासणी वाटते. 'उपचाराची चाचणी' पुरे. आणि 'अभ्यासाचा विषय' असं माणसाला कधीही म्हणू नये. तो सहभागी आहे, शुद्धीत नसला तरी. शुद्धीवर आला की त्याला सगळं सांगून त्याची स्वतःची संमती घ्यायची असते. तोवर जवळच्या नातेवाइकाची सही असते ती त्याच्या वतीने.

भिशीच्या त्या बोलण्यानंतर आठवड्याभराने समितीपुढच्या फॉर्ममधलं सुधारलेलं चिठ्ठीचं वाक्य मावशींना पुन्हा वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं, हात पुसले आणि विचारलं, "एकदा चिठ्ठी निघाली, की मग बदलता येत नाही?" फॉर्ममध्ये याचं उत्तर सातव्या पानावर, एका कोपऱ्यात होतं. समितीत सांगून ते आता चिठ्ठीच्या वाक्याला लागूनच घेतलं आहे : 'चिठ्ठी बदलता येत नाही. पण तुम्ही कधीही, कारण न सांगता बाहेर पडू शकता, आणि त्यामुळे तुमच्या माणसाच्या उपचारांत काही कमी होणार नाही.'