‘काळ्या घोड्याला’ की ‘काळा घोड्याला’?

प्रश्न असा आहे: मुंबईतल्या काळा घोडा भागाबद्दल लिहिताना ‘काळ्या घोड्याला उतरलो’ लिहावं की ‘काळा घोड्याला’? विशेषनामातलं विशेषण विकारी ठेवायचं का, म्हणजे ‘काळा’चं ‘काळ्या’ होऊ द्यायचं का?

माझं मत आधीच सांगतो. ‘काळ्या घोड्याला’ हेच लिहावं. ‘काळा घोड्याला’ चालवून घेता येईल, पण ‘काळा घोडाला’ मात्र मराठी नव्हे.

हे नाव मुळात एका ब्राँझच्या पुतळ्याचं. प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढे राजा झालेले सातवे एडवर्ड, 1875 च्या नोव्हेंबरात मुंबईत उतरले. त्या भेटीची आठवण म्हणून अल्बर्ट ससून यांनी त्यांचा अश्वारूढ पुतळा शहराला दिला. समोरचं डेव्हिड ससून ग्रंथालय त्यांच्या वडिलांच्या नावाचं. शिल्पकार जोसेफ एडगर बोएम, पुतळा उभा राहिल्याचं साल 1879. काही ठिकाणी तो ‘काळ्या दगडाचा’ म्हणून लिहिलेला आढळतो, पण आहे तो ब्राँझचाच; उघड्यावरचं ब्राँझ हवेनं काळवंडत जातं. लोकांनी स्वाराला बाजूला ठेवलं आणि घोड्यावरून अख्ख्या पुतळ्याला, मग चौकाला आणि शेवटी परिसराला नाव दिलं. 1965 साली पुतळा भायखळ्याच्या राणीच्या बागेत हलवला गेला. नाव जागेवरच राहिलं.

म्हणजे आज ‘काळा घोडा’ ही एक वस्तू आहे आणि एक ठिकाणही. वस्तूबद्दल वाद नाही. ‘राणीच्या बागेतल्या काळ्या घोड्याजवळ उभे राहिलो’ यात कुणीही ‘काळा घोड्याजवळ’ म्हणणार नाही. अडचण ठिकाणाची आहे, कारण ठिकाणाचं नाव शब्दशः जपावं असं आपल्याला वाटतं. पण मराठी ठिकाणांचीही सामान्यरूपं सर्रास करते. शेजारचाच कुलाबा घ्या: कुलाब्याला, कुलाब्यात. तसंच भायखळ्याला, साताऱ्याला. विशेषणासकट असलेल्या नावांनाही हे लागू आहे. तांबडा समुद्र नकाशावरचं पक्कं विशेषनाम आहे, तरी आपण ‘तांबड्या समुद्रात’ म्हणतो. पुण्यात जुना बाजार आहे, तिथले लोक ‘जुन्या बाजारात’ जातात.

‘काळा घोड्याला’ म्हणणाऱ्यांची बाजू कच्ची नाही, हेही मान्य करायला हवं. नाशिकला आपण ‘काळारामाचं दर्शन’ घेतो. तिथे ‘काळा’ जसाच्या तसा राहतो. मुंबईतली ‘काळाचौकी’ तर आणखी पुढे गेली आहे. चौकी स्त्रीलिंगी, तरी ‘काळी’ नाही. ‘काळाचौकीला’ असंच बोललं जातं. आणि सगळ्यात बोलकं उदाहरण भायखळ्याच्याच खडा पारशीचं. खरशेटजी माणेकजी श्रॉफ यांच्या त्या उभ्या पुतळ्याबद्दल बोलताना नियमानं ‘खड्या पारशाजवळ’ होईल, जसं ‘खड्या पहाऱ्यात’. पण ‘खडा पारशीला उतरलो’ हे मुंबईकराच्या तोंडी सहज येतं. तिथे विशेषण आणि नाम दोन्ही गोठली आहेत.

मग काळा घोडा या रांगेत का बसत नाही? एक तर ‘काळाराम’ आणि ‘काळाचौकी’ हे जोडून लिहिले-बोलले जाणारे एकसंध शब्द झाले आहेत. ‘काळा घोडा’ अजून दोन शब्द आहेत आणि दोन्हींचा अर्थ ऐकणाऱ्याला लख्ख कळतो. मराठी खरा समास करते तेव्हा पहिल्या पदाचा शेवट बहुधा गळतो: पांढरपेशा, तांबडमाती. तसं इथे काहीच झालेलं नाही. दुसरं असं की ‘घोडा’चं ‘घोड्या’ आपण करतोच. नामाला वाकवायचं आणि त्याला चिकटलेल्या विशेषणाला ताठ ठेवायचं, हे ‘मोठा घरात’ म्हटल्यासारखं कानाला लागतं.

‘काळा घोडा परिसरात’, ‘काळा घोडा कला महोत्सवात’ ही रूपं मात्र बिनचूक आहेत. विभक्ती ‘परिसर’ आणि ‘महोत्सव’ यांना लागली आहे, नाव अखंड राहिलं आहे. वर्तमानपत्रांतलं ‘काळा घोडा येथे’ व्याकरणात बसतं, पण बोलण्यात कृत्रिम वाटतं. आणि ‘नाक्यावर भेटू’ म्हणतो तसं ‘काळ्या घोड्यावर भेटू’ म्हणता येत नाही, कारण तिथे ‘वर’ लगेच स्वारीचा अर्थ घेऊन येतो. ‘काळ्या घोड्याला भेटू’ किंवा ‘काळ्या घोड्यापाशी’ म्हणावं.

जाता जाता ‘अश्वारूढ’बद्दल. 2017 साली जुन्या जागेजवळ नवा घोडा बसवला गेला. त्याच्या पाठीवर कुणी नाही. तेव्हा त्याला ‘अश्वारूढ पुतळा’ म्हणणं चूक आहे. तो ‘घोड्याचा पुतळा’. राणीच्या बागेतला मात्र एडवर्डचा अश्वारूढ पुतळा, आणि त्याला ‘काळ्या घोड्याचा पुतळा’ म्हणू नये. नुसतं ‘काळा घोडा’ म्हटलं की पुरतं.