‘नॉर्म्स’ला ‘निकष’ म्हणावं का?

एका वाचक भाषांतरकाराने विचारलं आहे: ‘कोरियन प्रौढांच्या बुद्धिमापन चाचणीचे नॉर्म्स तयार केले’ या वाक्यात ‘नॉर्म्स’साठी ‘निकष’ चालेल का?

नाही चालणार. निकष म्हणजे सराफाचा कसोटीचा दगड. त्यावर सोनं घासलं की त्याच सोन्याचा कस कळतो, शेजारणीच्या पाटल्यांचा तिथे संबंध नाही. ‘३५ गुणांना पास’ हा निकष. नॉर्म्स, म्हणजे एखाद्याचे गुण ताडून पाहायचे तक्ते, मात्र इतरांवरूनच ठरतात. वेक्सलर या प्रौढांच्या बुद्धिमापन चाचणीत अंकांखाली चिन्हं भरायची एक उपचाचणी असते. पंचविशीतल्या नातवाने आणि पासष्टीच्या आजीने तेवढ्याच वेळात सारखीच चिन्हं भरली, तर प्रमाणित गुण आजीला जास्त मिळतात, कारण तिची तुलना तिच्या वयाच्या माणसांशी होते. बुद्ध्यांकाची सरासरी १०० आणि प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा गुणांचा पसारा, १५ धरतात. म्हणजे ११५ आले, तर सुमारे ८४ टक्के समवयस्क त्या माणसाच्या मागे आहेत.

हे समवयस्क कुठले, हाच खरा प्रश्न. वेक्सलरच्या चौथ्या आवृत्तीचे अमेरिकी तक्ते २००८ चे. कोरियात ती २०१२ साली आली, १६ ते ६९ वयाच्या कोरियन माणसांवरून बनवलेले तक्ते घेऊनच. साधी अंक लक्षात ठेवण्याची उपचाचणी घ्या. इल, ई, साम, सा, ओ, युक, छिल, फाल, कू: एक ते नऊ, सगळे एका झटक्यात उच्चारून होणारे. असे आखूड अंक मनात घोळवायला सोपे जातात. मग परभाषेतला तक्ता इथे कसा लावणार?

कोरियन लोक नॉर्मला ‘क्यूजुन’ म्हणतात. मूळ चिनी अक्षरांत त्यातलं एक कर्कटक, दुसरं पाणसळ. लॅटिन ‘नोर्मा’ म्हणजे सुताराचा गुण्या. दोन्हीकडे शब्द कारागिराच्या पेटीतून उचलला, हे मला फार आवडतं. आपल्याकडे ‘मानदंड’ त्याच जातीचा, पण तो ऐकला की आदर्श, गाठायची उंची डोळ्यांपुढे येते. नॉर्म्समध्ये आदर्श काहीच नाही. लोक जसे आहेत तशी ती नोंद असते.

मी ‘प्रमाणके’ लिहीन. सरकारी हिशेबात प्रमाणक म्हणजे व्हाउचर, ही अडचण खरी, पण तो घोटाळा संदर्भाने मिटतो. शिवाय प्रमाणीकरण, प्रमाणित गुण, प्रमाण विचलन हे सगळं गोत त्याच्याशी जुळतं. एकवचन टाळा, कारण असतो तो अख्खा तक्ता. तेव्हा वाक्य असं करा: ‘कोरियन प्रौढांसाठी बुद्धिमापन चाचणीची वयोगटवार प्रमाणके तयार केली.’