कोरफडीची पानं बुडाशी मऊ पडून तपकिरी झाली आहेत, वासही येतो. पाणी वाढवूनही फरक नाही. कोणतं बुरशीनाशक घालू?

बुरशीनाशक राहू दे, आधी पाणी बंद करा. मुळं कुजली की त्यांना पाणी ओढता येत नाही. मग ओल्या मातीत उभं असूनही झाड मलूल दिसतं, आणि मलूल दिसलं की लोक आणखी पाणी घालतात. तुम्ही हेच केलंत. माझ्या ताईनेही हेच केलं होतं.

देवरुखच्या आमच्या घरी परसात गडग्याला लागून आईने लावलेली कोरफड होती. २०१४ मध्ये ते घर बंद केलं तेव्हा तिचं एक पिल्लू मी ठाण्याला आणलं. मातीची कुंडी, निम्मी जाड रेती, तळाला विटांचे तुकडे. उन्हाळ्यात दहा-बारा दिवसांनी पाणी, पावसाळ्यात कुंडी आत आणि पाणी जवळजवळ नाहीच. पाच वर्षांत तिला सात पिल्लं झाली.

२०१९ च्या जूनमध्ये मी महिनाभर बाहेरगावी होते आणि ताई घर सांभाळायला आली. तिने कोरफड चिनी मातीच्या, भोक नसलेल्या कुंडीत हलवली, भरपूर कोकोपीट आणि शेणखत घातलं आणि रोज सकाळी तुळशीबरोबर तिलाही तांब्याभर पाणी. वर ग्रिलमधून पावसाची झड. मी आले तेव्हा बुडाची पानं पाणी भरलेल्या पिशवीसारखी लिबलिबीत झाली होती. एक धरलं तर सुटून हातातच आलं. ताई म्हणाली, "तू आठ-आठ दिवस तिला तहानलेली ठेवायचीस, म्हणून आधीच अशक्त झाली होती. आईची एवढी एक गोष्ट तुला सांभाळता आली नाही." हे वाक्य मी आजवर विसरलेले नाही.

कुंडी पालथी केली. मुळं काळी, चिमटीत धरली की साल निघून नुसता दोरा उरत होता. स्पिरिटने पुसलेल्या सुरीने खोड खालून कापत गेले. कापात तपकिरी ठिपका दिसला की आणखी वर. चौथ्या कापाला स्वच्छ, पांढरट गाभा लागला. उरली शेंड्याची सहा पानं, मूळ एकही नाही. दाराला कोरफड उलटी टांगतात तशी ती सुतळीने स्वयंपाकघराच्या खिडकीत टांगली. माती नाही, पाणी नाही. काप वाळून बुचासारखा झाला आणि दीड महिन्याने तिथून मुळांचे कोंब डोकावले. सप्टेंबरात रेतीत लावली. तीच आज माझ्या गॅलरीत आहे.

जे झाड दीड महिना हवेत लटकून मुळं काढतं, ते आठ दिवस पाणी नाही म्हणून अशक्त होत नाही. कोरफड अरबस्तानातल्या कोरड्या भागातली. पानांची रंध्रं ती रात्री उघडते, म्हणजे दिवसाच्या उन्हात पाणी उडत नाही, आणि पानांच्या गरात साठा करून ठेवते. तिला मारतो तो मातीतला हवेचा अभाव. मुळं गुदमरतात, मग फ्युझेरियमसारख्या बुरशी आत शिरतात.

औषधाचं विचारलंत म्हणून सांगते. घाण वास आणि चिकट पाणी असेल तर बहुधा जिवाणूंची सड आहे, तिथे साधं बुरशीनाशक चालत नाही. कॉपर ऑक्सिक्लोराइड, म्हणजे जिवाणूंवरही थोडंफार चालणारी तांब्याची पावडर, लिटरला अडीच-तीन ग्रॅम करून कापावर लावा हवं तर, हातमोजे घालून. पण सडलेला भाग पुन्हा धड करणारं औषध नाही, तो कापावाच लागतो. काप सावलीत निदान चार-पाच दिवस वाळवा, मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात त्याहून जास्त. लावल्यावर आठवडाभर पाणी नको, घरातलं कोणी कितीही "सुकली बघ" म्हणालं तरी.

खालची एखाद-दोन पानं कागदासारखी वाळली असतील तर ती सड नव्हे, म्हातारी पानं आहेत. उन्हाने तांबूस झालेली पानं टणक असतात, त्यांनाही कापू नका. आणि सड मधल्या कोवळ्या पानांपर्यंत गेली असेल तर मोठं झाड सोडून द्या, टणक पिल्लं तेवढी वेगळी करा. नुसतं पान मातीत खोचून कोरफड सहसा होत नाही, तेही सडतं.