बर्फाच्या लादीखालचं शेत

मागच्या अंकात मी अंटार्क्टिकातल्या भारती या आपल्या देशाच्या संशोधन केंद्रावर काढलेल्या दोन उन्हाळ्यांविषयी लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना इथे उत्तरं देते.

प्रश्न : ताई, मुलाने मुंबईहून क्रिलच्या तेलाच्या गोळ्या आणून दिल्या. डब्यावरचं चित्र बघून मला तो आपला जवळाच वाटला. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या जवळा सुकवतात. हा तिकडचा जवळा का? आणि एवढ्याशा जिवावर देवमासे जगतात कसे? – एक वाचक, श्रीवर्धन

तुमची नजर चुकली नाही, पण हे दोघे सख्खे नव्हेत, लांबचे चुलत. जवळ्याचे आणि कोळंबीचे कल्ले कवचाखाली झाकलेले असतात; क्रिलचे उघडे, पायांच्या मुळाशी पिसांसारखे लोंबतात. अंटार्क्टिक क्रिल वाढून सहा सेंटिमीटरपर्यंत जातो, म्हणजे साधारण माझ्या करंगळीएवढा. आणि जगतो पाच-सहा वर्षं. अन्न कमी पडलं तर कात टाकून आधीपेक्षा लहान होतो. एवढासा जीव उपासमारीत स्वतःला आखडून घेतो आणि दिवस काढतो, याचं मला अजून नवल वाटतं.

जहाजावर पहिल्यांदा जाळं रिकामं केलं तेव्हा मला रत्नागिरीजवळच्या आमच्या वाडीतलं खळं आठवलं. आई तिथे जवळा पसरायची आणि मी कावळे हाकायची. पण हे जिवंत होते. काचेसारखं अंग, काळेभोर डोळे आणि पोट हिरवंगार. शेवाळ खाल्लेलं बाहेरून दिसत होतं.

त्या हिरव्या पोटातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. भारतीकडे जाताना जहाज गोठलेल्या समुद्रातून वाट काढत होतं. बर्फाच्या लाद्या फुटायच्या आणि एखादी लादी पूर्ण उलटी व्हायची. वरची बाजू पांढरीशुभ्र, खालची मात्र चहाच्या रंगाची! मी कठड्याशी उभी राहून तासन्‌तास तेच बघत होते. तो रंग सूक्ष्म शेवाळाचा. बर्फातून झिरपणाऱ्या अंधूक उजेडावर ते लादीच्या पोटाला धरून वाढतं. हिवाळ्यात उघड्या पाण्यात खायला जवळजवळ काही नसतं, तेव्हा क्रिलची पिल्लं लादीखाली उलटी पोहत हे शेवाळ खरवडून खातात. आपण त्या बर्फाला समुद्रावरचं झाकण समजतो. ते शेत आहे, आणि त्याचं पीक खालच्या अंगाला येतं.

हिवाळ्याच्या शेवटी हे शेत सुमारे १ कोटी ८० लाख चौरस किलोमीटरवर पसरतं, म्हणजे भारताच्या पाचपटीहून जास्त. त्यावर पोसलेल्या या एका जातीच्या क्रिलचं एकूण वजन ३० ते ५० कोटी टनांच्या घरात असल्याचा अंदाज आहे. निळा देवमासा क्रिल एकेक करून टिपत नाही. थव्यात शिरून तोंडभर पाणी घेतो, तोंडातल्या झालरीतून ते बाहेर ढकलतो आणि आत राहिलेलं गिळतो. अडेली पेंग्विन, क्रॅबईटर सील (नावात खेकडा असला तरी तो क्रिलच खातो) आणि किती तरी मासे त्याच थव्यांवर जगतात.

म्हणूनच २०२३ सालाने मला अस्वस्थ केलं. त्या वर्षी अंटार्क्टिकाभोवतालचा समुद्री बर्फ उन्हाळ्यातही आणि हिवाळ्यातही, उपग्रहांनी मोजायला सुरुवात केल्यापासूनचा सर्वांत कमी होता. लादी नाही तर शेवाळ नाही आणि पिल्लांना हिवाळा काढायला जागाही नाही.

आता गोळ्यांविषयी. क्रिलची मासेमारी होते ती मुख्यतः अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या आसपास, जिथे पेंग्विन आणि देवमासेही पोट भरायला येतात. १९८२ पासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय कराराखाली तिथल्या मासेमारीवर मर्यादा आहे, भारतही १९८६ पासून त्या कराराखालच्या आयोगाचा सदस्य आहे. तरीही माझं मत विचाराल तर गोळ्या राहू द्या. डॉक्टरांनी सांगितल्या असतील तर त्यांना विचारूनच काय ते करा. पण ज्या ओमेगा-३ साठी त्या घेतात, ते तुमच्या दारात येणाऱ्या बांगड्यात आणि तारलीत भरपूर असतं.

प्रश्न : तिथे समुद्राचं पाणी गोठतं, मग मासे का गोठत नाहीत? – इयत्ता नववीतील विद्यार्थिनी, सिन्नर

पॉटमध्ये आइस्क्रीम करताना बर्फात खडेमीठ घालतात, ते पाहिलं आहेस का? खारं पाणी शून्य अंशाला गोठत नाही. समुद्राचं पाणी गोठायला उणे १.९ अंशांच्या आसपास जावं लागतं. माशाचं रक्त समुद्राइतकं खारं नसतं, ते उणे एकच्या आधीच गोठायला हवं. म्हणजे तुझी शंका अगदी रास्त आहे.

१९६०च्या दशकात आर्थर डेव्रीस या तरुण अमेरिकन संशोधकाने मॅकमर्डो सामुद्रधुनीतल्या माशांच्या रक्तात याचं उत्तर शोधलं. त्या रक्तात साखर जोडलेली खास प्रथिनं असतात. बर्फाचे बारीक कण माशाच्या अंगात शिरतात, पण ही प्रथिनं कणांना चिकटून बसतात आणि त्यांना वाढू देत नाहीत.

याहून अजब मासा म्हणजे आइसफिश. १९२७ मध्ये बूवे बेटाजवळ डिटलेफ रुस्टाड या नॉर्वेच्या जीवशास्त्रज्ञाने एक मासा कापला, तर रक्त पाण्यासारखं रंगहीन. त्यात ऑक्सिजन वाहून नेणारं लाल हिमोग्लोबिन नाहीच! अतिथंड पाण्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो, म्हणून मोठं हृदय आणि भरपूर रक्त यांच्या जोरावर तो त्याशिवाय निभावतो. २०२१च्या फेब्रुवारीत ‘पोलारस्टर्न’ या जर्मन जहाजाने वेडेल समुद्राच्या तळाशी कॅमेरा ओढत नेला, तर याच कुळातल्या एका जातीची घरटी दिसू लागली आणि संपेचनात. अंदाज आला ६ कोटी घरट्यांचा. प्रत्येक घरटं म्हणजे पाऊण मीटर रुंदीचा वाटोळा खळगा, त्यात हजार-दोन हजार अंडी आणि बहुतेक घरट्यांवर राखण करणारा एक मासा. वर बर्फ आहे आणि खाली ही एवढी वस्ती नांदते आहे, हे तोवर कुणाला माहीत नव्हतं.

प्रश्न : पांढरी अस्वलं पेंग्विनना खातात का? नातवाला हवं आहे. – एक आजोबा, सांगली

नाही. पांढरी अस्वलं उत्तर ध्रुवाकडची, पेंग्विन दक्षिणेकडचे. आजोबा, नातवाला आणखी एक गोष्ट सांगा. उत्तरेचा सील बर्फावर आला की सारखी मान वर करून अस्वल येतंय का ते बघतो. भारतीजवळचे वेडेल सील मात्र बर्फावर निवांत घोरत पडलेले असायचे, कारण तिथे बर्फावर त्यांची शिकार करणारं कुणी नाही. त्यांची भीती पाण्यात असते, किलर व्हेल आणि लेपर्ड सीलची. श्वासासाठी बर्फातलं भोक उघडं राहावं म्हणून ते दातांनी कड घासत राहतात. म्हाताऱ्या सीलचे दात अगदी झिजलेले असतात. एका रात्री मी बर्फावर आडवी होऊन कान लावला होता, तेव्हा खालून त्यांच्या लांब, उतरत जाणाऱ्या शिट्या ऐकू आल्या.

प्रश्न : पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठल्यावर खोल समुद्रात गेलो की काळसर, पाठीच्या शेवटी पांढरा पट्टा असलेली लहान पाखरं पाण्यावर पाय आपटत चालल्यासारखी दिसतात. ती कुठली? – एक बोटमालक, देवगड

दादा, तुमच्या वर्णनावरून ती विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल. वजन जेमतेम चाळीस ग्रॅम. ती अंटार्क्टिकात खडकांच्या फटीत एकच अंडं घालतात. कधी हिमवादळात फटीचं तोंड बुजतं आणि पिल्लू आतच मरतं. तिकडे हिवाळा लागला की ती उत्तरेला निघतात आणि आपल्या उन्हाळ्यात-पावसाळ्यात अरबी समुद्रात असतात. तुम्हाला दिसतं ते चालणं नाही, पाण्यावरचं बारीकसारीक खाणं टिपणं आहे.

वादळात एखादं थकून किनाऱ्यावर येऊन पडतं. तसं सापडलं तर दूध-भात भरवू नका, समुद्रात फेकूही नका. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, कोरड्या फडक्यावर ठेवा आणि वनखात्याला कळवा.