छातीत डाव्या बाजूला दुखतंय, गॅस असेल का हार्टचं? दवाखान्यात कधी जायचं?

एका बोटाने दाखवता येतं, दाबलं की जास्त दुखतं किंवा कूस बदलली, खोल श्वास घेतला की टोचतं, असं असेल तर बहुतेक वेळा स्नायूचं किंवा बरगडीचं असतं, पण छातीवर दाब, आवळल्यासारखं, डाव्या हातात नाहीतर जबड्यात कळ, दरदरून घाम, धाप यातलं काही असेल आणि विसावा घेऊनही काही मिनिटांत थांबत नसेल तर विचार न करता लगेच १०८ ला फोन लावा. मी कॅज्युअल्टीत नर्स आहे, तिथे उशिरा येणारे निम्मेअधिक लोक "गॅस वाटला म्हणून सोडा पिऊन झोपलो" हेच सांगतात. जेवणानंतर आडवं झालं की जळजळ, तोंडात आंबट पाणी हे ॲसिडिटीचं, पण ढेकर आला, बरं वाटलं म्हणजे हार्ट नाही असं अजिबात धरू नका. स्वतः गाडी चालवत जाऊ नका, आणि जवळच्या क्लिनिकपेक्षा ईसीजी होईल अशाच ठिकाणी जा. पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी डॉक्टर थांबवून घेतात, काही तासांनी परत ईसीजी आणि रक्तातलं ट्रोपोनिन (हार्टच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन) बघतात, तेव्हा कटकट करून घरी पळू नका. एक मात्र आहे, शुगरवाले, वयस्कर माणसं आणि बायकांमध्ये छातीत फारसं न दुखता नुसती धाप, मळमळ, प्रचंड थकवा एवढंच असू शकतं, त्यांच्या बाबतीत वरचा बोटाचा हिशोब लावत बसू नका.