'शूर झाला' एवढंच लिहिणाऱ्या मुलाला पात्रातला बदल कसा दाखवू?

तुमचा नऊ वर्षांचा मुलगा टोल्किनची 'द हॉबिट' ही कादंबरी वाचतोय. ड्रॅगनचा खजिना परत मिळवायला निघालेल्या टोळीसोबत घर सोडून जाणारा बिल्बो हा तिचा नायक. मुलगा 'बिल्बोमध्ये काय बदल झाला?' याला दर वेळी 'आधी भित्रा होता, मग शूर झाला' एवढंच लिहितो. त्याचं आकलन कच्चं आहे का, असं तुम्ही विचारलंय. मला विचाराल तर कच्चा आहे तो प्रश्न.

माझ्या मुलीला दहाव्या वर्षी याच प्रश्नाला पाचपैकी दोन गुण मिळाले होते. तिनं लिहिलं होतं, 'बिल्बो शूर झाला पण त्याला रुमाल अजून लागतो. म्हणजे तो तोच आहे.' खाली लाल शाईत शेरा: विषयांतर.

आता रुमालाचं बघा. घरातून धावत निघताना बिल्बो टोपी, पैसे, रुमाल, सगळंच विसरतो आणि वाटेत रुमालावाचून कासावीस होतो. जादूगार गँडाल्फ मागून येतो तो त्याचे रुमाल घेऊनच. शेवटच्या प्रकरणात परतीच्या वाटेवर बिल्बो तोंड पुसतो, तेव्हा हातातला रुमाल वाटेतल्या यजमानाकडून, एलरॉंडकडून, मागून आणलेला असतो, कारण स्वतःचा एकही उरलेला नाही. पोरीनं हा धागा पहिल्यापासून शेवटपर्यंत सोडला नव्हता. तपासणाऱ्यानं पुस्तक वाचलं असेल यावर माझा आजही विश्वास बसत नाही.

शाळेत मी काही बोलले नाही. भांडले ती ताईशी. ती कित्येक वर्षं प्राथमिकच्या मुलांना शिकवते. तिचं म्हणणं, "तक्ता आखून द्यावा. आधी कसा, नंतर कसा, कशामुळे. तीन रकाने भरले की कळलं पोराला." मी म्हटलं, "ताई, रकाने भरले म्हणजे रकाने भरले. गोष्ट कुठे वाचली?" दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

माझं मत तेव्हाही हेच होतं. पात्रापुढे दोन वाटा मोकळ्या असतात, तिथे थांबून बघायचं. बिल्बो जादूच्या अंगठीमुळे अदृश्य आहे, हातात तलवार आहे आणि त्याच्या जिवावर उठलेला, अंधाऱ्या गुहेत राहणारा गोलम वाट अडवून बसलाय. मारणं अगदी सोपं. पण त्याला दया येते आणि तो गोलमवरून उडी मारून निघून जातो. 1937च्या पहिल्या आवृत्तीत हे नव्हतंच, तिथे गोलम कोड्यांची पैज हरल्यावर त्याला वाट दाखवतो. टोल्किननं 1951च्या आवृत्तीत ते प्रकरण बदललं. खुद्द लेखकाला ही जागा कित्येक वर्षांनी सापडली, आणि आपण ती मुलांकडून एका ओळीत मागतो!

पुढे तर अजून अवघड होतं. लढाई टळावी म्हणून बिल्बो टोळीच्या म्होरक्याला, थोरिनला, प्राणापलीकडे हवं असलेलं रत्न लपवून विरुद्ध बाजूच्या बार्डच्या हाती देतो, त्यापायी खजिन्यातला आपला चौदावा वाटा सोडायला तयार होतो आणि त्याच रात्री थोरिनच्या माणसांत परत येतो. ताईला विचारलं, "हे कुठल्या रकान्यात घालशील?" ती म्हणाली, "प्रामाणिक." सोबत्याचं रत्न परस्पर देणारा प्रामाणिक? ताईनं पुस्तक मागून घेतलं आणि ते प्रकरण उभ्या उभ्या पुन्हा वाचून काढलं.

हां, वाचताना अजून अडखळणाऱ्या मुलाला तक्त्याचा आधार होतो, हे ताईचं मला मान्य आहे. गुण हवे असतील तर तुमच्या मुलाला 'शूर झाला' लिहू दे, फक्त खाली एक प्रसंग जोडायला सांगा. घरी मात्र पुस्तक उघडं ठेवून विचारा, 'इथे पहिल्या दिवशीचा बिल्बो असता तर काय केलं असतं?' उत्तराची घाई करू नका. ड्रॅगनकडे जाणाऱ्या बोगद्यात बिल्बो थबकतो आणि मग एकटाच पुढे जातो, त्या पानावर मी मुलीला हे विचारलं होतं. ती बराच वेळ पानाचा कोपरा दुमडत बसली. मग म्हणाली, "तो रुमाल आणायला घरी गेला असता."